अकरा लाल ठिपके

मी, अल्बिन म्लेकुझ, वय एकोणऐंशी, राहणार त्रेंता, सोचा नदीकाठ, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हृदयाने हात टेकले आहेत. डोके ठिकाणावर आहे, म्हणजे पूर्वी होते तितपत.

कलम १. घर व मागची बाग माझी मुलगी नेझा हिला. छप्पर गळते. दर सप्टेंबरात ते दुरुस्त करायचे ठरवून मी नदीवर जात असे.

कलम २. गळाची काठी आणि गळाला लावायच्या, पिसे बांधून केलेल्या एकशे चाळीस नकली माश्या गावच्या मासेमार मंडळाला. उरलेल्या काठच्या झाडांत अडकल्या आहेत. ज्याला हव्या असतील त्याने खुशाल झाडावर चढावे.

कलम ३. खानावळीच्या भिंतीवरचा माझा चौऱ्याण्णव सेंटिमीटरचा ट्राउट रूडी कोमाच यास. पकडताना जाळी त्यानेच धरली होती. मासा मढवून टांगला त्या दिवशी तो सर्वांदेखत म्हणाला, "अल्ब्या, जाळीत होता तेव्हा याला लाल ठिपके होते. कुठं गेले?"

"तुझ्या डोळ्यांत गेले, जळकुट्या!" मी म्हणालो. सारी खानावळ हसली. त्याला सव्वीस वर्षे झाली. आम्ही बोललेलो नाही. तो मात्र रोज येऊन माझ्या माशाच्या शेपटीवर मुद्दाम टोपी अडकवतो. हा अपमान मी मुकाट गिळला.

आता खरे लिहितो. आमच्या नदीच्या अस्सल ट्राउटला लाल ठिपका नसतो, हे इथे शेंबडे पोरही जाणते. माझ्या माशात परक्या जातीची भेसळ होती. ठिपके अकरा होते. मी ते बुटाच्या पॉलिशने झाकले आणि त्या माशाच्या नावावर सव्वीस वर्षे लोकांची दारू प्यायलो. रूडीची मला फार आठवण येते. माशासोबत त्याला टर्पेंटाइनची बाटलीही द्यावी. चारचौघांत पुसून दाखवावे.

दुरुस्ती. नेझाने आज रूडीला बोलावून आणले व कलम ३ वाचून दाखवले. साक्षीदार कमी पडत होता, पण जो साक्षीदार होतो त्याला वारसा घेता येत नाही, हेही तिने सांगितले.

"मासा राहू दे. पेन आण इकडं," रूडी म्हणाला. मग माझ्या खाटेवर टेकला. "आणि लेका, अकरा नाही, तेरा होते. शेपटीवरचे दोन झाकायला तू विसरलास. टोपी काय मी हौसेनं अडकवतो?"

सबब कलम ३ रद्द. मासा भिंतीवरच राहील, टोपीसकट.

त्रेंता, २८ सप्टेंबर २०१९
सही: अल्बिन म्लेकुझ
साक्षीदार: १. तिल्का चेर्नुता, टपालवाली
२. रूडी कोमाच, जळकुटा