कुंकू लागलेल्या यंत्राचा वारस

मी, आमोद दिगंबर पानसे, वय वर्षे चाळीस, व्यवसाय खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. मन स्थिर आहे असंही इथे लिहायची पद्धत आहे. ते मी लिहिणार नाही. बुद्धी शाबूत आहे, मन मात्र सकाळपासून चार वेळा उठून गॅलरीत जाऊन आलं. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही म्हणतात. मग तीन कागदांवर सह्या कशाला घेतल्या, हे विचारायचं राहिलं.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी नम्रता हिला मिळावे. यावर वाद घालायला आमच्या नातेवाइकांकडे वेळ आहे, हक्क नाही.

कलम २. माझी दुचाकी शेजारचे केदार साने यांना द्यावी. ती त्यांच्या गाडीला आडवी येते अशी त्यांची दहा वर्षांची तक्रार आहे. आता ती त्यांचीच झाल्यावर तक्रार कुणाकडे करायची, ते त्यांनी पाहावे.

कलम ३. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. डोळे दान करावेत. चष्म्याचा नंबर मोठा आहे, तो घेणाऱ्याला लागत नाही अशी खात्री करून घेतली आहे.

कलम ४. आता खरं कलम. कपाटात दोन पडद्यांचं एक जुनं गेमचं यंत्र आहे, हातात मावणारं, बिजागरी मोडलेलं. त्यात एकच खेळ आहे. रक्तपिपासू सरदाराचा भुताळी वाडा, त्यात हाडांचे सापळे, मेणबत्त्या, घड्याळाचा मनोरा, आणि आपण तलवार घेऊन खोली खोली हिंडायचं. वरच्या पडद्यावर नकाशा भरत जातो आणि किती टक्के झाला ते दिसतं. दोन हजार नऊ साली माझा नकाशा नव्याण्णव टक्क्यांच्या वर गेला होता. एक खोली सापडायची बाकी होती.

माझे वडील दिगंबर पानसे यांचं नारायण पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी चौरंगावर चिमटे, भिंगं, बारीक पेचकस मांडले आणि मला न विचारता शेजारी माझं यंत्रही ठेवलं. पोराचंही हत्यार, म्हणाले. ओलं कुंकू लावलं, वर झेंडू. दसऱ्याला उचललं तर कुंकू बटणांच्या फटीत जाऊन वाळलेलं, उडीचं बटण दाबलं की वर येईना. पुसता पुसता खेळ सुरू केला, तर माझा नकाशा गायब. मी आईदेखत त्यांना म्हणालो, "लोकांची घड्याळं बंद पाडता ती पाडा. माझ्या वस्तूंना हात लावू नका."

 ते नुसते हात धुवायला गेले. त्यानंतर सोळा वर्षं त्यांनी माझ्या कशालाही हात लावलेला नाही. आई गेल्यावरही नाही. आमच्याकडे येतात तेव्हा बेलसुद्धा दाबत नाहीत, दारात उभं राहून फोन करतात. मला आधी वाटायचं, काय हा ताठा! पण नारायण पेठेतला ताठा माझ्याही अंगात आहेच की. मीही कधी म्हटलं नाही, की बाबा, दाबा बेल.

झडपेचं निदान झाल्यावर सुट्टी मिळाली. कशातच लक्ष लागेना. पुस्तक घेतलं की पान तेच, टीव्ही लावला की बंद. म्हणून यंत्र काढलं, स्पिरिट आणि टाचणीने बटण मोकळं केलं. खेळात तीन डावांच्या नोंदी ठेवता येतात. उघडून पाहतो तर दुसरी आणि तिसरी नोंद जशीच्या तशी, कॉलेजातल्या. नकाशावाल्या पहिलीच्या जागी अकरा मिनिटं खेळलेला नवा डाव, तारीख त्या दसऱ्याची. कुंकवाने बिघडलं असतं तर तिन्ही गेल्या असत्या. हे नवशिक्यालाही कळेल, आणि मी यावर पगार घेतो. नवा डाव सुरू करताना हा खेळ विचारतो, जुनी नोंद पुसायची का, आणि बाण आधीच 'हो'वर असतो. त्या दसऱ्याला कुंकू पुसताना रागारागात बटण मीच दाबलं होतं.

तेव्हापासून सहा आठवडे तो वाडा पुन्हा पालथा घालत होतो. त्या मनोऱ्यातल्या राक्षसाकडून रोज मरायचो. उठायचो, फेऱ्या मारायचो, पुन्हा बसायचो. नकाशा भरला म्हणजे वडिलांना फोन करायचा, असं ठरवलं होतं. तो काल भरला. फोन केला नाही. ऑपरेशनचंही त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी मेलो तर त्यांना ते या कागदावरून कळेल.

कलम ५. सबब वरील यंत्र माझे वडील श्री. दिगंबर रंगनाथ पानसे यांना मिळावे. सोबत हेही की, चूक त्यांची नव्हती, माझी होती. मला क्षमा करावी.

हा मसुदा नम्रताने वाचला. ती म्हणाली, "हे मृत्युपत्र आहे की माफीपत्र? उत्तर ऐकायला लागू नये म्हणून कलम घालतोस होय. फोन कर."

टीप, सही करण्यापूर्वी हाताने जोडलेली : फोन केला. वडील पाऊण तासात रिक्षाने आले. मी सगळं सांगणार होतो, पण हा कागदच पुढे केला. त्यांनी भिंग लावून उभ्यानेच वाचला, दोनदा. मग विचारलं, साक्षीदार कोण? मी म्हटलं, एक डॉक्टरीणबाई, दुसरे यायचेत. वकिलांनी बजावलंय, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचं मिळणं रद्द होतं. "असं का," म्हणाले, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

लिहून देणार : आमोद दिगंबर पानसे (सही)
स्थळ : कोथरूड, पुणे. दिनांक १२ ऑक्टोबर २०२५, रविवार.

साक्षीदार १ : डॉ. पद्मजा गोरे (सही)

साक्षीदार २ : दिगंबर रंगनाथ पानसे (सही). कलम ५ वाचले. बापाने मुलाचा वारस व्हायचे नसते, सबब यंत्र घेणार नाही. गुरुवारी सकाळी सहाला दवाखान्यात हजर राहीन.