वाडग्याच्या आतली खूण

ताई,

आईचा जुना काचेचा वाडगा तू विकलास आणि नकली आणून ठेवलास, हे मीच सगळ्यांना सांगितलं. जुन्या काचेतला जाणकार ना मी! तळाला बाहेरून कारखान्याची खूण दिसली नाही, की झालं. तू म्हणालीस, "नीट बघ रे." मी बघितलं नाही. तू घर सोडलंस.

काल वाडगा घासताना आतला पाण्याचा पांढरा थर निघाला आणि बोटाला अक्षरं लागली. खूण आतून होती. शेजारी कारखान्याने नक्षी नोंदवल्याचा नंबर, आईच्या लग्नाआधीच्या सालातला. वाडगा आईचाच होता.

शेवटी शेवटी आई तुला बोलवा म्हणायची. तुझा पत्ता माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "ती सापडत नाही."

हे पत्र वाडग्यातच ठेवतोय. आत कोण बघतंय?

तुझा,
जाणकार भाऊ