मार्चअखेरचं भाषांतर

आई, सकाळपासून डायनिंग टेबलवर सरकारी आरोग्य विम्याची जाडजूड पुस्तिका उघडून बसलोय. दर ऑक्टोबरात येते. आता मीच म्हातारा, त्यामुळे पुढच्या वर्षीचा प्लॅन मलाच निवडायचाय. नात तुझी फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट पिक वन!" न वाचता? शक्य आहे का? तुझ्या हाताखाली वाढलोय मी.

सनीव्हेलच्या त्या लहानशा अपार्टमेंटचं किचन आठवतंय. ऐंशीचं दशक, मी कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीत जुंपलेला. तुला या देशात येऊन पाच वर्षं झाली होती, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा आता तुलाही घेता येणार होता. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जन्मभर सातवीला इंग्रजी शिकवलेली बाई, आणि पेपरातला मथळासुद्धा दिसेना. मी घाईघाईत म्हणालो, "विम्यातला हॉस्पिटलात राहण्याच्या खर्चाचा भाग घेतला की झालं. अर्ज उन्हाळ्यात निवांत देऊ. तू फक्त सही कर." तू तव्यावरची पोळी उतरवलीस, शेगडी बंद केलीस आणि म्हणालीस, "न वाचता सही करायला मी काय अंगठाबहाद्दर आहे?"

शनिवारची अख्खी दुपार तू भिंग धरून, विम्याच्या माहितीपत्रकातल्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होतीस. मग मला समोर बसवलंस. "मोतीबिंदू काढून त्याच दिवशी घरी पाठवतात ना रे इथे? मग नुसता हॉस्पिटलचा भाग काय चाटायचाय? डॉक्टरांच्या खर्चाचा भाग हवाच. आणि अर्ज मार्चअखेरपर्यंत. हुकला की वर्ष वाया. इंजिनिअर म्हणे!" कान लाल झाले माझे. सोमवारी रजा टाकून तुला विम्याच्या सरकारी ऑफिसात घेऊन गेलो.

काउंटरवरच्या बाईंचे उच्चार तुला कळत नव्हते, म्हणून मी मध्ये. त्यांनी सहज विचारलं, आता इथेच राहणार ना? तू मला म्हणालीस, "सांग त्यांना, इथे जीव रमत नाही. डोळे झाले की आपल्या घरी जाईन म्हणते." मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, "हो, ती इथेच राहणार आहे." तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. माझं इंग्रजी तुला चांगलं कळत होतं गं.

गाडीत बसल्यावर म्हणालीस, "भाषांतराला दहापैकी शून्य." आणि थोड्या वेळाने, "राहू दे."

जुलैत विमा सुरू झाला, मग दोन्ही डोळे झाले. तू पुन्हा पेपर वाचायला लागलीस, नातीला वाचायला शिकवलंस, माझ्या प्रत्येक कागदातल्या चुका काढल्यास. परत जायचं नाव मात्र शेवटपर्यंत काढलं नाहीस. किती उपकार मानू तुझे? आज या पुस्तिकेत मी पेन्सिलीने खुणा करतोय, त्या तुझ्यासारख्याच.

हे पत्र कुठे टाकणार? पुस्तिकेतच ठेवतो. पण एक सांगतो. त्या दिवशी तू परत जाणार म्हटलं तर अर्ज अडेल म्हणून मी घाबरलो, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. तू जाऊ नयेस, एवढंच मला हवं होतं, आणि ते मराठीत म्हणायला जीभ रेटली नाही.