आज न आलेल्यांनी हात वर करा

शनि. ५ जुलै
खासगी बाजार मोहल्ल्यात आमच्या मराठी मंडळाची बैठक; गाव हिंदी मुलखातलं. सचिव शिर्के सर्व्हे वाचायला उभे. "ताई, नतीजा ऐका! ज्यांचे फॉर्म परत आले, त्या सगळ्या घरांत मुलांना मराठी समजतं. शंभर टक्के!" टाळ्या. लगोलग ठराव: मग रविवारचा मराठी वर्ग हवाच कशाला? मतदान पुढच्या शनिवारी. एकवीस वर्षं चालवतेय मी तो वर्ग. आणि फॉर्म कोणत्या भाषेत? मराठीत! ज्या घरात मराठी उरलीच नाही, तिथले लोक तो भरणार कसे? शिसारी आली. पेढा तसाच ठेवून उठले.

रवि. ६
वर्गात आठ मुलं. म्हटलं, "आज जे आले नाहीत त्यांनी हात वर करा." एकही हात नाही. "म्हणजे हजेरी शंभर टक्के!" खो खो हसली. सात-आठ वर्षांच्या पोरांना कळलं. मंडळाला...

सोम. ७
शिर्क्यांना फोन.
"नाना, वरणात मीठ किती, हे वरचं पाणी चाखून कळतं का? पळी तळापर्यंत फिरवा, मग एक घोटही पुरतो."
"पण ताई, दोनशे फॉर्म वाटले. कमी आहेत का?"
"परत किती आले?"
"एकतीस. बाकीचे लोक बिझी असतील."
बिझी! थू.

बुध. ९
पळी मीच फिरवणार. दोनशे घरांच्या चिठ्ठ्या पातेल्यात घातल्या. नात इरा हिला डोळे मिटून दहा काढायला लावल्या. माझ्या हाताला सोयीच्याच सापडल्या असत्या. दहावी उघडून ओरडली, "आजी, ये तो अपना घर है!" म्हटलं, आपलं शेवटी बघू.

गुरु. १०
माधवगंज ते किला गेट, नऊ घरं. मुलांपुढे एक उतारा धरला. लिपी हिंदीचीच, खडखडा वाचतात. अर्थ विचारला की आईकडे बघतात. सहा घरांत हेच. पाय दुखताहेत, संताप जास्त.

शुक्र. ११
राहिलं आपलं घर. इरानं उतारा झकास वाचला.
"‘रुसवा’ म्हणजे?"
"पता नहीं."
"‘हिरमुसली’?"
तिनं उतारा उलटा ठेवला. "आजी, फॉर्म पर ‘होय’ तो आपने ही लिखा था ना?"
मीच. रविवारी तिचं कोचिंग, म्हणून वर्गात कधी आणलीच नाही. आठवडाभर शिर्क्यांची किळस करत होते.
उद्या मतदान. ही चिठ्ठी धरली तर दहातली सात घरं मराठी न समजणारी. वर्गाची बाजू बळकट, पण मी भर सभेत उघडी पडणार.
इरा पातेलं घेऊन आलीय. "इसको वापस डाल दूँ, आजी? दूसरी निकालती हूँ."
चिठ्ठी अजून तिच्या मुठीत आहे.