लाल रेघ

सोमवार, संध्याकाळ

टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट मी आणि आमचे सीनियर माने सर सांभाळतो. ऑर्डर रद्द झाली की तसा संदेश मागावरच्या स्क्रीनला जातो. संदेशाचा साचा ठरलेला. तो चुकला, तर लायब्ररी, म्हणजे आम्ही वापरतो तो आयता कोड, आम्ही लिहितानाच लाल रेघ दाखवते. सरांच्या डोळ्यांत ती रेघ खुपते. "कुटलाबी साचा चालंल असं लिही की, रेघ जाती!" गेली रेघ.

मग रद्द झालेल्या एका ऑर्डरचा संदेश चुकीच्या साच्यात गेला; मागावरच्या स्क्रीनला तो कळलाच नाही. आज त्या मोडलेल्या लग्नाचे, नवरा-नवरीची नावं विणलेले आहेराचे टॉवेल मुलीच्या दारात उतरले. तिच्या वडिलांचा फोन मी घेतला. त्यांनी टॉवेलवरची दोन्ही नावं वाचून दाखवली. सर म्हणतात, "लायब्ररीच फालतू हाय." काय माणूस आहे!

आणि मी? रेघ घालवली कुणी? मीच. "व्हय सर" म्हणत.