पहिल्याच टेकला

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘कामात आहे’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. बातमी अशी, की तुझी लाडकी भाची सिनेमात झळकणार! मुलं पळवणाऱ्या टोळीवरच्या सिनेमाचं साउंड रेकॉर्डिंग मी करतोय, हे तुला माहीत आहेच. पळवल्या जाणाऱ्या मुलीचं काम करणारी पोर ऐनवेळी तापाने आडवी झाली. दिग्दर्शक म्हणाले, तुमची मुंगी आणा की. सहा वर्षांच्या पोरीला कसला अभिनय जमणार? म्हणून तिला काही सांगितलंच नाही. मुंगीच्या आईला चहाच्या निमित्ताने लांब नेलं. दोन दांडगे गडी आले, मुंगीला उचलून व्हॅनमध्ये टाकलं आणि दार धाडकन लावून गाडी कोपऱ्यापर्यंत नेली. काय किंचाळली म्हणून सांगू! पहिल्याच टेकला ओके. अख्ख्या युनिटच्या डोळ्यांत पाणी. ट्रेलर त्या किंकाळीनेच सुरू होणार आहे.

हिने मात्र माझ्याशी अबोला धरलाय. मुंगीही हट्टी झालीय, गाडीत बस म्हटलं की रस्त्यातच बसकण मारते. शाळेला सुट्टी आहे, तर ही तिला उद्या बसने तुझ्याकडे आणून सोडेल. तुझ्या बालगृहातल्या पोरांत रमेल. भावाचं थोडं कौतुक कर की आता!

तुझा,
धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, मनातून देत नाहीये.

कौतुक कसलं करू रे? लाज कशी वाटली नाही तुला? बालगृहात माझी अर्धी हयात गेली. इथे सोडवून आणलेली एकही पोर किंचाळत गेली नव्हती. कुणाला मावशीच्या नवऱ्याने नेलं, कुणाला शेजारणीने. ओळखीच्या माणसाने बोट पुढे केलं आणि पोर बोट धरून निघाली. तुमचे ते दांडगे गडी आणि धाडकन लागणारं दार तुमच्या दिग्दर्शकाने पाहिलं कुठे? दुसऱ्या कुठल्या सिनेमातच ना? खरं कसं असतं ते तूच करून दाखवलंस. बापाने पोरीला चांगला फ्रॉक घातला आणि स्वतः नेऊन दिली.

मुंगी जेवते, खेळते. पण भाजीच्या टेम्पोचं दार लागलं की धावत येऊन माझ्यामागे लपते. ते काका परत येणार का, असं सारखं विचारते. तो प्रसंग सिनेमातून काढायला लाव. माझ्या भाचीची किंकाळी चौकाचौकात वाजली, तर माझ्याशी गाठ आहे.

रागावलेली,
ताई

१० एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

तू फारच तोडून लिहितेस. आम्ही चांगल्या कामासाठीच राबतोय ना? सिनेमा पाहून लाखो आईबाप सावध होतील. त्यापुढे एका पोरीचं दोन मिनिटांचं रडणं, तूच हिशोब कर. व्हॅनमध्ये एक बाई चॉकलेट घेऊन बसल्या होत्या, लगेच खाली उतरवलं तिला. मुलं विसरतात गं.

तरी तुझ्यासाठी दिग्दर्शकांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, तो टेक म्हणजे सिनेमाचा जीव आहे, आणि संमतीच्या कागदावर तुमची सही आहे. माझं तिथे काय चालतंय? मी आपला आवाज टिपणारा माणूस. राग सोड आणि लोभ सोडू नकोस.

धाकटा

१४ एप्रिल

धाकट्या,

हिशोब कर म्हणतोस? मग ऐक.

काल इथली एक मोठी मुलगी कानांवर हेडफोन चढवून गाणी ऐकत बसली होती. मुंगी तिच्या अंगावरच धावून गेली, ते काढ, ते काढ म्हणून दंड ओढायला लागली. मी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कुठे बोलली. म्हणाली, आत्या, बाबा तिथेच उभे होते, मी त्यांनाच हाका मारत होते. पण त्यांच्या कानांवर ते मोठं काळं होतं ना, म्हणून त्यांना ऐकूच आलं नाही. नाहीतर बाबा धावत आले असते.

वाचलंस? पोर तुझी बाजू घेतेय रे! ओठांवर आलं होतं, की अगं, ते ऐकण्यासाठीच लावतात. पण गिळलं. कारण हे कळलं, तर तिला बापच उरणार नाही. आणि आज ना उद्या कळणारच आहे. सिनेमा लागला की कुणीतरी कौतुकाने सांगेल, हा आवाज तुझ्या बाबांनीच टिपलाय. तेव्हा काय सांगशील, कागदावर सही होती म्हणून?

यावेळी आशीर्वाद नाही.

ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र वाचलं आणि स्टुडिओत जाऊन तो टेक पुन्हा ऐकला. ती नुसती किंचाळत नाहीये. बाबा, बाबा म्हणतेय. त्या दिवशीही मला स्पष्ट ऐकू आलं होतं, ताई. आवाज फाटू नये म्हणून मी आवाजाचं बटण जरा खाली केलं होतं.

तसाच उठलो आणि सगळ्या युनिटसमोर दिग्दर्शकांवर ओरडलो. म्हटलं, सही घाला चुलीत, मी तिचा बाप आहे, हा टेक लावायचा नाही. मला कामावरून काढलंय. टेक अजून त्यांच्याकडेच आहे. हिने वकील गाठलाय आणि आम्ही सोडणार नाही.

रविवारी येतोय, बसने. मुंगीला तू काही सांगू नकोस. मला ऐकू आलं होतं, हे मीच सांगेन. त्यावर ती माझ्याजवळ आली नाही, तर तिला ओढून आणू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटा