व्हिटॅमिनच्या बाटलीतल्या गोळ्या

१२ जानेवारी, सोमवार
ओठ परत फाटले. हसलं की रक्त. आज मीटिंग चालू असताना नाकातूनही यायला लागलं, कॅमेरा बंद केला आणि म्हटलं नेट गेलं. पिंपल्स मात्र गेलेत, हे मान्य. दहावीनंतर पहिल्यांदा गाल गुळगुळीत लागतोय हाताला.

स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आयसोट्रेटिनॉइन चालू असेपर्यंत आणि नंतरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. पाकिटावर पोटुशी बाईचं चित्र, त्यावर फुली. ते सासूबाईंच्या हाती पडलं तर संपलंच. लग्नाला दोन वर्षं झाली, बाई माझ्या तोंडाकडे कमी आणि पोटाकडे जास्त बघतात. म्हणून गोळ्या पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. कुणी विचारलं तर व्हिटॅमिन. अमोल म्हणाला, "सांगून टाक ना सरळ." म्हटलं, तुझी आई आहे, तू सांग. तो मोबाईल बघायला लागला.

१८ जाने., रविवार
नणंद आली, सोनल. वाघोलीहून वारज्याला यायला दोन तास. चेहरा पांढराफटक. आठवडाभर राहणार म्हणे. बरं नाही का विचारलं तर माय-लेकी एकमेकींकडे बघतात. "दमलीय गं. ऑफिसचं काम." नवऱ्याशी वाजलं असणार. आपल्याला काय करायचंय.

२२ जाने., गुरुवार
कंबर, गुडघे. जिना उतरताना पार म्हातारी. रक्तात चरबी थोडी वाढलीय, डॉ. म्हणाल्या पुढच्या महिन्यात परत तपासू. शिवाय चिडचिड. गोळीमुळे, की मी आहेच अशी? नेटवर वाचत बसले. ते करायला नको होतं.

सासूबाई गालाला हात लावून: "किती छान झालाय चेहरा. काही आहे का?" नाही म्हटलं. "बरं." त्या 'बरं'मध्ये जे काही होतं ना...

सोनलला सकाळी उलटी. ॲसिडिटी म्हणे.

२४ जाने., शनिवार
जेवणं झाल्यावर सासूबाईंनी माझी बाटली काढली आणि एक गोळी सोनलच्या हातावर ठेवली. "घे. हिला बघ किती मानवलंय." मी ओरडलेच. सोनल हसायला लागली, "अगं वहिनी, रोज घेतेय मी. कंजूष!" आणि सासूबाई हळूच, "तिला दिवस आहेत. दुसरा महिना चाललाय. तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, म्हणून बोलले नाही तुला."

नजर-बिजर मानत नाही आपण. सासूबाई बुद्धविहारात अंधश्रद्धेवर बोलतात, मी टाळ्या वाजवल्यात. आणि सुनेला सांगायला तीन महिने!

गोळी हिसकावून घेतली. म्हटलं, गोळ्यांची तारीख उलटलीय. अजून एक खोटं. अमोलला खोलीत ओढून सांगितलं. त्याचं तोंडच उतरलं. "सकाळी बोलू," म्हणतो. सकाळी काय वेगळं होणार आहे?

२५ जाने., रवि.
सांगितलं. चहाच्या आधी, उभ्याउभ्याच.

सोनलने एकच विचारलं, "म्हणजे काय होऊ शकतं?" हृदय, मेंदू, कान, चेहरा. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं बोलून गेले. मधे थांबता आलं असतं. सासूबाई ओट्याला धरून उभ्या. "माझ्या हातानं दिली मी." परत परत तेच. मग माझ्याकडे वळून, "मूल नको एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

मूल नको कधी म्हटलं मी? मला फक्त चेहरा नीट हवा होता. इतकी वर्षं तेवढंच हवं होतं.

२७ जाने., मंगळ.
सोनलच्या डॉक्टरांकडे सगळे. गोळ्या किती गेल्या पोटात? नक्की कुणालाच माहीत नाही, एक दिवस विसरली होती म्हणे. डॉ.: "नुकसान होईलच असं नाही. होणार नाही असंही मी म्हणणार नाही." पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बरंच कळेल, सगळं नाही. ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. सोनलचा नवरा निखिल तिला तिथूनच वाघोलीला घेऊन गेला.

संध्याकाळी सोनलचा मेसेज आला, ठेवणार आहोत. अ.ला आला. मला नाही.

८ फेब्रुवारी, रवि.
स्किनच्या डॉक्टरांना काल सांगितलं. झापलं. "ते चित्र काय शोभेला छापतात?" म्हटलं, मी गोळ्या बंद केल्यात. "तुम्ही बंद करून तिला काय उपयोग?" खरंय. तरी घेववत नाही. हनुवटीवर एक उठलाय. सारखा हात जातो तिथे आणि माझी मलाच लाज वाटते.

सासूबाई माझा डबा भरून ओट्यावर ठेवतात. बोलत नाहीत. आज मसाल्याची वांगी होती, मला आवडतात तशी. आता यातून मी काय समजायचं?

२४ फेब्रु., मंगळ.
तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी. आतापर्यंत ठीक. अ.ने फोन करून सांगितलं. मी आमच्या खोलीत रडले, सासूबाई त्यांच्या. एकत्र रडलो असतो तर काय बिघडलं असतं?

२९ मार्च, रवि.
सोनलचा फोन. थेट मला! हात ओले होते, फोन पडता पडता राहिला.

"मोठी सोनोग्राफी आहे अठरा एप्रिलला. तू येशील?"
मी?
"आई आली तर मला तिलाच सांभाळत बसावं लागेल." मग जरा थांबून, "तुला माफ केलंय असं समजू नकोस हं, वहिनी. पण तुला सगळं माहितीय. परत पहिल्यापासून सांगावं लागत नाही."
येते म्हटलं.

१८ एप्रिल, शनि.
सेंटरच्या बाहेर, बाकावर. सोनल, निखिल आत.

जाताना सोनलने पर्स माझ्या मांडीवर टाकली. "काही निघालं तर आईला मी सांगेन. तू नाही सांगायचंस." बरं म्हटलं.

सासूबाईंचा फोन. मला वाटलं विचारतील. तर, "काही खाल्लंस का?" नाही म्हटलं. "खाऊन घे आधी." आणि ठेवला.

निखिल बाहेर आला. हृदय ठीक दिसतंय. पण बाळ पालथं झोपलंय, चेहरा दिसत नाहीये. डॉ. म्हणाले, काहीतरी गोड खाऊन जरा चालून या, कूस बदलेल.

कोपऱ्यावरून पेढा आणला. सोनलने अर्धा खाल्ला, अर्धा माझ्या तोंडात कोंबला. मग आम्ही दोघी जिन्यापर्यंत आणि परत, जिन्यापर्यंत आणि परत. पहिल्या फेरीत ती पुढे आणि मी मागे होते. नंतर तिने माझा दंड धरला, चांगला घट्ट.

आता परत आत गेलीय. दंडावर तिची बोटं उमटलीत. वळ रे बाळा. वळ एकदा.